लेणी उरली, घरे गेली: ठाणे जिल्ह्यातल्या हरवलेल्या विहारांचा आढावा

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे आणि त्या रांगेत आजोबागडाचा उंच कडा. दक्षिणेला मुरबाडच्या बाजूने नाणेघाट जुन्नरकडे चढतो, उत्तरेला थळघाटातून नाशिकची वाट जाते. पश्चिमेला कल्याण आणि त्याच्या पलीकडे सोपारा ही दोन जुनी बंदरे. बंदर आणि घाटमाथा यांच्यामधल्या या पट्ट्यातून दोन हजार वर्षे माल, माणसे आणि विचार ये-जा करत राहिले. त्यात बौद्ध भिक्खू होते, नंतरच्या काळात शैव तपस्वी होते, देवळांचे पुजारी आणि मठांतले विद्यार्थी होते. ही सगळी माणसे कुठेतरी राहत होती. कुठे?

यावर ठरलेले उत्तर मिळते: लेण्यांत. कान्हेरी, कोंडाणे, भाजे, कार्ले, जुन्नर अशी यादीही लगेच समोर ठेवली जाते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. लेणी आपल्याला दिसतात कारण ती सहज पडत नाहीत. त्यांच्या जोडीने लाकूड, माती आणि विटा यांची जी घरे उभी राहिली, ती सगळी पडली. मागे राहिलेल्या भागालाच आपण संपूर्ण विहार समजत आलो आहोत. पडलेल्या भागाबद्दल आज काय कळते, कशावरून कळते आणि पुढे काय शोधता येईल, याचा हा आढावा.

पाचांपैकी एक गुहा

भिक्खूंनी कुठे राहावे याचे नियम विनयपिटकात आहेत. चुल्लवग्गात निवासाचे पाच प्रकार मान्य केलेले दिसतात: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. यांतले पहिले चार बांधायचे असतात, कोरायची असते ती फक्त गुहा. त्याच भागात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची गोष्ट येते. त्याने एका दिवसात साठ निवास उभे करून संघाला दिले. आकडा कथेतला असेल, पण कथा सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कसली घरे होती ते त्यातून स्पष्ट होते. एका दिवसात उभी राहतात ती खांब, कूड आणि गवताची घरे.

कायमच्या निवासाची गरज पावसाने निर्माण केली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचे, असा वर्षावासाचा नियम होता. कोकणातला पाऊस झाडाखाली काढता येत नाही. मृगापासून भात कापणीपर्यंत डोळखांबच्या रानात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. कोरडी जमीन, गळणार नाही असे छप्पर आणि जवळ पाणी या तीन गोष्टी जिथे जुळल्या, तिथे मुक्काम पक्का झाला. सह्याद्रीच्या काळ्या कातळात लेणे कोरणे हा त्यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय होता आणि सर्वांत महागही. एक दालन कोरायला दाता, पाथरवट आणि बराच काळ लागे. तोवर भिक्खू राहत कुठे, हा प्रश्न उरतोच.

दगडात उतरलेले लाकूड

हरवलेल्या घरांचा पहिला पुरावा लेण्यांनीच जपला आहे. भाजे येथील चैत्यगृहाचे खांब आत किंचित कललेले आहेत. कातळाला कलण्याची गरज नसते, ती गरज लाकडी खांबांना असते. वरच्या कमानीला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या होत्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिले की त्या आजही दिसतात. भाज्याच्या तुळईवर ब्राह्मी अक्षरे सापडली, म्हणजे ते लाकूडही त्याच जुन्या काळातले. कर्जतजवळच्या कोंडाण्यात चैत्याच्या दर्शनी भागावर गॅलऱ्या, जाळ्या आणि वाशांची टोके दगडात कोरलेली आहेत. सुताराने जे वर्षानुवर्षे केले, ते पाथरवटाने दगडात हुबेहूब उतरवले.

म्हणून लेणे हा बांधीव विहाराचा नकाशाही मानता येतो. मध्ये अंगण किंवा मोकळे दालन, तीन बाजूंना लहान खोल्या, खोलीत झोपायचा ओटा, पुढे पडवी: ही रचना लाकूड आणि मातीच्या घरात आधी ठरली असली पाहिजे. कातळावरच्या खाचा आणि खड्डे याला दुजोरा देतात. अनेक लेण्यांच्या तोंडाशी खांब रोवण्यासाठी गोल खड्डे आहेत, वर तुळया टेकवण्यासाठी चौकोनी खाचा आहेत. लेण्यापुढे लाकडी मांडव होता, त्यावर छप्पर होते. ते गेले आणि आज आपण उघड्या कातळाचे तोंड पाहतो.

कान्हेरी: पाणी, खोल्या आणि देणग्या

या विषयावर सर्वांत जास्त बोलणारी जागा म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. शंभराहून अधिक लेणी, शंभराच्या घरात शिलालेख आणि सुमारे हजार वर्षांची वस्ती. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला मोठा चैत्य हे तिचे मुख्य उपासनास्थान, आणि डोंगरभर पसरलेल्या खोल्या ही तिची निवासी वसाहत. बहुतेक खोल्यांजवळ पाण्याचे टाके आहे. डोंगरावरचा पाऊस पन्हळींतून टाक्यांत आणायचा आणि उन्हाळाभर पुरवायचा, ही व्यवस्था आजही कातळावर वाचता येते. अकराव्या क्रमांकाच्या, दरबार नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात जमिनीतून वर आलेले दोन लांब ओटे समांतर धावतात. संघाने एकत्र बसण्याची ती जागा होती.

शिलालेख या वसाहतीचा संसार सांगतात. दात्यांनी लेणी दिली, टाकी दिली आणि कायमच्या ठेवीही दिल्या. ठेवीच्या व्याजातून भिक्खूला वस्त्रासाठी आणि पावसाळ्यातल्या महिन्यांसाठी पैसे मिळत. एका लेखात मंगलस्थानातले शेत दान दिले आहे. ते म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे. डोंगरावरच्या खोल्यांचे पोट डोंगराखालच्या शेतीवर चालत होते. धान्य साठवणारे, वस्त्रे शिवणारे, डागडुजी करणारे हातही त्याच परिसरात राहत असणार. त्यांच्या घरांची एक भिंतही आज दाखवता येत नाही.

कान्हेरीत बांधीव कामही होते. मोठ्या चैत्यासमोरचा विटांचा स्तूप डॉ. जेम्स बर्ड यांनी १८३९ मध्ये उघडला. त्यात त्रैकूटक राजांच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ४९४-९५ चा ताम्रपट मिळाला. त्यात या जागेला कृष्णगिरी महाविहार म्हटले आहे. डोंगराच्या एका कडेला भिक्खूंच्या स्मृतीसाठी उभारलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष रांगेने आहेत. विटा डोंगरावर चढत होत्या, म्हणजे वीटकाम करणारे गवंडी तिथे होते. अशा ठिकाणी फक्त स्तूपच विटांचे बांधले आणि माणसांसाठी एकही भिंत उभारली नाही, असे मानणे अवघड आहे.

नावापुरते उरलेले विहार

कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या अंबालिका विहाराचे नाव येते. कल्याण सपाट खाडीकाठी वसलेले आहे. तिथे लेणे कोरायला कडा नाही, त्यामुळे हा विहार बांधलेलाच असला पाहिजे. त्याचे नाव डोंगरावरच्या दगडाने जपले, त्याच्या भिंती मात्र शहराच्या पोटात गेल्या. त्यावर किती वेळा घरे उभी राहिली आणि पडली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सोपाऱ्याची कथा यापेक्षा थोडी भाग्याची. बुरूड राजाचा कोट या नावाने लोकांना माहीत असलेला उंचवटा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला. आत विटांच्या स्तूपात दगडी पेटी होती. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते, सर्वांत आत भिक्षापात्राचे म्हणून पूजलेले मातीचे तुकडे होते. भोवती मैत्रेय आणि सात बुद्ध अशा आठ मूर्ती होत्या. मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. म्हणजे अशोकाच्या शिलालेखांपासून सुरू झालेला सोपाऱ्याचा बौद्ध इतिहास मध्ययुगाच्या उंबरठ्यावरही जिवंत होता. स्तूप उघडून पुन्हा भरणारा, मूर्ती मांडणारा संघ जवळच राहत असणार. आज पाहणाऱ्याला स्तूप दिसतो, संघाचे घर दिसत नाही.

सातव्या शतकात युआन श्वांग या चिनी प्रवाशाने महाराष्ट्रात शंभराहून अधिक संघाराम, म्हणजे मठ, आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे लिहिले. हे सगळे संघाराम लेण्यांच्या यादीत शोधत बसण्यापेक्षा त्यांतले पुष्कळसे गावाजवळ, शेताच्या कडेला, विटांत आणि लाकडात उभे होते असे समजणे अधिक योग्य. तेर येथे विटांच्या चैत्यगृहाची परंपरा आजच्या त्रिविक्रम मंदिराच्या गजपृष्ठाकार बांधणीत टिकून आहे, विदर्भातल्या पवनीला उत्खननात मोठा स्तूप मिळाला. मराठी पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी १९५० च्या दशकात छत्तीसगडमधल्या सिरपूरला खणले, तेव्हा तिथे विटांचा आख्खा विहार समोर आला: मधला मंडप, भोवतीच्या खोल्या, मूर्तीचे गर्भगृह. असा विहार पश्चिम किनाऱ्यावर पूर्ण स्वरूपात अजून उघड झालेला नाही.

शिलाहारांचे दिवस

नवव्या शतकात उत्तर कोकणावर राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते. कान्हेरीचे या काळातले लेख शके ७६५, ७७५ आणि ७९९ चे, म्हणजे इ.स. ८४३, ८५४ आणि ८७७ च्या आसपासचे आहेत. त्यांत विहाराची दुरुस्ती, भिक्खूंची वस्त्रे आणि पुस्तके यांसाठी द्रम्म नावाची नाणी ठेवल्याचे वाचायला मिळते. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्खूंच्या ध्यानासाठी खोल्या करवल्या आणि १०० द्रम्मांची ठेव दिली. पुस्तकांसाठी पैसा लागत होता, म्हणजे पुस्तके ठेवायची कोरडी जागा होती. दुरुस्तीसाठी पैसा लागत होता, म्हणजे पडझड होईल असे काहीतरी होते. कोरलेल्या कातळाला दरवर्षी डागडुजी लागत नाही. लाकडी मांडव, दारे, जिने आणि छपरे यांना लागते.

इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी यात्रेकरूंनी कान्हेरीत पहलवी लिपीत आपली नावे कोरली. तोवर ही जागा दूरवर माहीत होती आणि तिथे लोक जात होते. त्याच काळात खाली सपाटीवर देवळांची वस्ती वाढत होती. शिलाहार अपराजिताने शके ९१९ मध्ये, म्हणजे इ.स. ९९७ मध्ये, भादाण गाव लवणतटाच्या, म्हणजे भिवंडीजवळच्या लोनाडच्या, लोणादित्य मंदिराला दिले. त्याच लोनाडला जुने बौद्ध लेणेही आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात, शके ९८२ मध्ये झाले. मंदिर उभे आहे. पण पूजा करणारे, गावाचा वसूल गोळा करणारे, शिकणारे आणि शिकवणारे यांची घरे जमिनीच्या वर राहिली नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटण्याचे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठ नाही, वर्ग नाहीत, विद्यार्थ्यांच्या खोल्या नाहीत. एक दगड आहे, आणि त्याच्यामुळे भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ शिकवणारी शाळा सह्याद्रीच्या पायथ्याशी होती हे आपल्याला कळते.

देऊळ टिकते, निवास जातो

असे सगळीकडेच का होते? पहिले कारण साहित्याचे. पूजेच्या जागेसाठी समाज दगड वापरतो, राहण्याच्या जागेसाठी हाताशी येईल ते. कोकणात ओल, वाळवी आणि वादळ मिळून उघड्यावरचे लाकूड काही पिढ्यांत संपवतात. दुसरे कारण वापराचे. पडक्या विहाराच्या विटा गावात घरासाठी उपयोगी पडतात, स्तूपाला किंवा मूर्तीला हात लावायला माणूस कचरतो. तिसरे कारण सत्ता आणि पैसा. आश्रयदाते बदलले, व्यापाराच्या वाटा बदलल्या की आधी रोजच्या दुरुस्तीचा खर्च थांबतो. छप्पर गेले की भिंती टिकत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलला भिक्षूंचा मोठा मठ जोडलेला होता. बाराव्या शतकात मठप्रमुख विबर्टने तिथे नळांनी पाणी खेळवले. त्याचा चित्रनकाशा एका हस्तलिखितात टिकला. शयनगृह, भोजनगृह, मुदपाकखाना, स्नानगृह सगळे त्यात आहे. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले, कँटरबरीचा मठ १५४० मध्ये संपला. कॅथीड्रल उभे राहिले, भिक्षूंच्या वापरातल्या बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या अभ्यासकांच्या हाती नकाशा होता. कान्हेरीच्या अभ्यासकांच्या हाती टाकी, पन्हळी आणि खाचा आहेत. काम अधिक कठीण आहे, पण प्रश्न एकच आहे.

गोव्यात हेच अलीकडच्या शतकांत घडले. १८३०च्या दशकात पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनी मठ ओस पडला. १८४२ मध्ये त्याच्या चर्चची कमान कोसळली, १९३८ पर्यंत मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. जवळच से कॅथीड्रल मात्र उभे आहे. या पडक्या मठातच शोधाचा सर्वांत सुंदर धडाही मिळाला. जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष मठाच्या सभागृहात विशिष्ट खिडकीजवळ ठेवले होते, असे जुने पोर्तुगीज कागद सांगत होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसून मठाची आखणी उलगडली, तेव्हा ती खिडकी कोणती हे ठरवता आले. तिथे सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला. २०२१ मध्ये अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला सन्मानाने देण्यात आला. निवासी इमारतीची मांडणी कळल्याशिवाय हे शक्य झाले नसते.

शोध कुठवर आला आहे

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांचे लक्ष शिल्प, स्तूप आणि लिपी यांवर होते. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० मध्ये लेण्यांचा मोठा ग्रंथ काढला, बर्जेस आणि भगवानलाल यांनी लेख वाचले. पुढे डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांचे संकलन केले. या कामाशिवाय पुढचे काहीच झाले नसते. पण राहणीचा प्रश्न त्यांच्या केंद्रस्थानी नव्हता. अलीकडे दृष्टी बदलते आहे. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी गेल्या दशकात राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सात लहान लेणी नोंदवली. पाण्याची सोय, वाटा, शेतजमीन आणि वस्ती एकत्र धरून साष्टी बेटाचा परिसर वाचण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. पण ही नजर अजून खाडी ओलांडून शहापूर आणि मुरबाडपर्यंत पुरेशी पोचलेली नाही.

डोळखांबचे खोरे आणि आजची घाई

मुरबाडच्या बाजूला नाणेघाटाचे लेणे आणि नागनिकेचा लेख सगळ्यांना माहीत आहेत, सोनावळ्याजवळची गणेश गडद लेणी थोड्यांना. या दोन ठिकाणांपासून आजोबाच्या पायथ्यापर्यंतचा पट्टा मात्र बहुतेक वेळा ट्रेकिंगच्या नकाशावरच येतो. आजोबागडावर वाल्मिकींचा आश्रम असल्याची श्रद्धा आहे, लोक तिथे जातात, पाणी आहे. श्रद्धेवरून काळ ठरवता येत नाही, पण डोंगराच्या कुशीत पाण्याजवळ तपस्व्यांनी राहण्याची रीत किती खोल गेली आहे, हे त्यातून कळते. दर पावसाळ्याआधी पेंढ्याने शाकारली जाणारी झोपडी काही शतकांनी जमिनीत फक्त खांबांचे काळसर ठिपके ठेवते. ते ठिपके शोधावे लागतात, आपणहून दिसत नाहीत.

हे ठिपके वाचणारे ज्ञान डोळखांबच्या आसपास अजून जिवंत आहे, म्हणून मला हा प्रश्न तातडीचा वाटतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी कुटुंबांत लाकडी मेढी रोवून, कारवीचा कूड करून, शेणमातीने लिंपून घर उभारण्याची विद्या होती. मेढी किती खोल पुरायची, दोन मेढींमध्ये किती अंतर ठेवायचे, पडवी कोणत्या बाजूला सोडायची, कौल आणि पेंढ्याला किती उतार द्यायचा, कोणत्या लाकडाला वाळवी उशिरा लागते, हे सगळे हातांना ठाऊक होते. उत्खननात सापडलेल्या खांबाच्या खड्ड्यांची ओळ घराची होती की गोठ्याची, हे सांगायला याहून चांगला तज्ज्ञ नाही. आज घरकुलाची सिमेंटची घरे होत आहेत. लोकांना पक्के घर हवे आणि ते मिळालेच पाहिजे. पण जुने घर पाडण्याआधी त्याचे माप घेतले जात नाही, ते बांधणाऱ्या आजोबांना कुणी काही विचारत नाही. विहारांची घरे एकदा गेली. ती वाचण्याची किल्लीही आता आपल्या हातातून जाते आहे.

जमीनही थांबलेली नाही. मुंबईची तहान भागवण्यासाठी तानसा १८९२ मध्ये बांधला गेला, नंतर मोडकसागर, भातसा आणि मध्य वैतरणा आले. चोंढ्याला घाटघर जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातून खुला झाला. काळू आणि शाई नद्यांवरची धरणे प्रस्तावित आहेत. मानवी वस्ती पाण्याजवळ असते आणि धरणाचे बुडीतही पाण्याजवळच असते. म्हणून बुडीत क्षेत्र ठरल्यावर हरकती मागवण्याच्या टप्प्याआधीच तिथली जुनी टाकी, पायवाटा, विटांचे तुकडे आणि खापरे यांची पाहणी व्हायला हवी. त्यासाठी मोठ्या उत्खननाची गरज नाही. गावकऱ्यांच्या सोबत चालत केलेली नोंद, उपग्रहचित्रे आणि मोजक्या जागी चाचणीचे खड्डे पुरतात.

हे काम मुंबईच्या विद्यापीठावर आणि पुरातत्त्व खात्यावर सोडून भागणार नाही. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी आहेत, प्रत्येक गावात ग्रामपंचायत आहे, आश्रमशाळा आहेत. दर वर्षी काही गावांनी आपापल्या हद्दीतली जुनी टाकी, खोदीव पायऱ्या, विटांचे उंचवटे आणि उरलेली मेढीची घरे यांची यादी आणि मापे केली, तरी पाच वर्षांत या खोऱ्याचा असा नकाशा होईल, जो आज कुठल्याच ग्रंथात नाही. त्यात एखादा विहार सापडेल किंवा सापडणारही नाही. पण कातळाबाहेर राहिलेली माणसे कशी राहत होती, याचे उत्तर शोधायची सुरुवात तिथूनच होते. ती सुरुवात धरणाची भिंत उभी राहण्याआधी आणि मेढी रोवणारी शेवटची पिढी आपल्यात असेपर्यंत झाली पाहिजे.